‘मास इफेक्ट २’वरचा जुना शेरा पुन्हा तपासायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमवर मराठीत आता बरेच लिहिले जाते आणि त्याचा आनंद आहे. पण काही शेरे एकाने लिहिले म्हणून दुसरा लिहितो, आणि पुढे ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. ‘मास इफेक्ट २’ या अंतराळातल्या विज्ञानकथेच्या खेळाबद्दल जानेवारी २०१० पासून असाच एक शेरा फिरतो आहे: पहिला भाग रोल-प्लेइंग गेम (पात्राची भूमिका घेऊन निर्णय करण्याचा खेळ) होता, दुसऱ्या भागात तो नुसता बंदुका चालवण्याचा खेळ झाला. याच्या उलट बाजूचे लोक हा सगळ्या मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे म्हणतात आणि तेवढ्यावर थांबतात. खेळाच्या आत नेमके काय बदलले हे दोघेही सांगत नाहीत. ते सांगण्यासाठी हे पत्र. शेवटच्या मोहिमेचे तपशील पुढे येणार आहेत, म्हणून ज्यांना हा खेळ अजून खेळायचा आहे त्यांनी तेवढा भाग नंतर वाचावा.

आधी काय गेले ते पाहू, कारण आरोप निराधार नाही. २००७ सालच्या पहिल्या भागात बंदुका, चिलखते, गोळ्यांचे प्रकार, जोडण्या असा सगळा माल गोळा करावा लागे. या सामानाची मर्यादा १५० नगांची होती. ती भरली की एकेक वस्तू मोडून तिचे ऑम्नी-जेल (दुरुस्तीला वापरायचा लगदा) करत बसायचे. दुसऱ्या भागात हे सामानघर पूर्ण काढून टाकले. बंदुकांच्या प्रत्येक प्रकारात मोजक्याच बंदुका राहिल्या आणि सुधारणा जहाजावरच्या प्रयोगशाळेत संशोधन करून मिळू लागल्या. लेव्हलची कमाल ६० वरून ३० वर आली. प्रत्येक शक्तीला (पात्राच्या खास कौशल्याला) चारच पायऱ्या उरल्या. त्यांना अनुक्रमे १, २, ३ आणि ४ गुण लागतात, म्हणजे एक शक्ती पूर्ण करायला १० गुण. चौथ्या पायरीवर दोन रूपांपैकी एक निवडायचे: एकाच शत्रूवर जबर आघात, किंवा थोडा कमी पण पसरणारा आघात. अनुभवाचे गुण शत्रू मारल्यावर मिळेनासे झाले, ते मोहीम संपल्यावर एकरकमी मिळू लागले आणि त्यासाठी पडद्यावर हिशेबाचे पान येऊ लागले. हे पान खटकते, ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. गोष्ट रंगात आली असताना मध्येच ताळेबंद समोर यावा तसे ते वाटते.

सामानघर गेल्याचे दुःख मात्र मला पटत नाही. पहिल्या भागातली ती यादी निवड करायला लावत नव्हती, नुसती आवराआवर करायला लावत होती. नवी बंदूक आली, आकडा मोठा आहे, लावा, जुनी मोडा. यात भूमिका कुठे आहे?

बंदुकीच्या बाबतीत खरी चूक झाली ती थर्मल क्लिपची. पहिल्या भागात गोळ्या संपत नसत. बंदूक तापे आणि थंड होईपर्यंत थांबावे लागे. या जगातल्या शस्त्रांचे तत्त्वच असे सांगितले होते की धातूच्या ठोकळ्यातून सूक्ष्म कण सुटतो आणि प्रश्न उरतो तो फक्त उष्णतेचा. दुसऱ्या भागात उष्णता शोषून घेणारी, काढून टाकता येणारी क्लिप आली. जास्त वेगाने मारा करणारा जिंकतो, म्हणून हा बदल झाला असे कारण खेळातल्या कोशात दिले आहे. कारण वाईट नाही. अडचण अशी की कोश म्हणतो क्लिप सगळ्या शस्त्रांना सारखी चालते, आणि खेळात प्रत्येक बंदुकीचा साठा वेगळा मोजला जातो. पिस्तुलात भरपूर क्लिप शिल्लक असताना स्नायपर रायफल रिकामी पडते आणि तिच्यात भरता येत नाही. जेकब या सोबत्याच्या मोहिमेत दहा वर्षे जगापासून तुटलेल्या ग्रहावरही याच क्लिप जमिनीवर पडलेल्या सापडतात, हे तर खेळाडूंनी केव्हाच हेरले आहे. गंमत म्हणून या गोष्टी सोडून देता येतील, पण चांगल्या विज्ञानकथेचा पाया आपलेच नियम पाळण्यावर असतो. ‘क्लिपही चालेल आणि क्लिप संपली की जुन्यासारखी थंड होऊ द्या’ अशी मिश्र व्यवस्था सहज ठेवता आली असती.

आता काय आले ते. लढाईत प्रत्येक शत्रूभोवती संरक्षणाचे थर आले: निळी पट्टी शील्डची, जांभळी बॅरिअरची, पिवळी आर्मरची आणि सगळ्यात आत लाल पट्टी जिवाची. प्रत्येक थराला वेगळा उपाय. शक्तींपैकी शील्डवर ओव्हरलोड, आर्मरवर इन्सिनरेट, बॅरिअर आणि आर्मर दोन्हींवर वॉर्प. सबमशीनगन आणि शॉटगन शील्ड-बॅरिअर फोडायला बऱ्या, हेवी पिस्तूल आणि स्नायपर आर्मरवर. असॉल्ट रायफल सगळीकडे मध्यम. त्यात भर म्हणजे सामाईक कूलडाउन: एक शक्ती वापरली की तुमच्या सगळ्याच शक्ती काही सेकंद थांबतात. पहिल्या भागात प्रत्येक शक्तीची घडी वेगळी होती, म्हणून कसलेला खेळाडू पाच-सहा बटणे ओळीने दाबून खोली रिकामी करी.

सामाईक कूलडाउनमुळे खेळ उथळ झाला असे म्हणतात. घडते नेमके उलट, फक्त त्यासाठी लढाईत बरोबर येणाऱ्या दोन सोबत्यांकडे पाहावे लागते. सोबत्यांचे कूलडाउन तुमच्यापासून वेगळे चालते. म्हणजे दुसरा आणि तिसरा बार त्यांच्या हातात आहे आणि मोहिमेवर कोणाला न्यायचे हीच खरी शस्त्रनिवड होते. ब्लड पॅक टोळीत क्रोगन आणि व्होर्चा या परग्रही जातींचे लोक असतात. आर्मर जाड, जखमा आपोआप भरतात आणि आगीने ते भरणे थांबते; तिथे इन्सिनरेट असलेला मॉर्डिन हवा. गेथ यंत्रांना शील्ड असते, तिथे गॅरस किंवा टाली. कलेक्टर या मुख्य शत्रूंकडे बॅरिअर असते, तिथे वॉर्पवाला थेन किंवा मिरांडा. मिरांडाकडे ओव्हरलोड आणि वॉर्प दोन्ही असल्याने ती जवळपास कुठेही अडत नाही. एकाने पुल या शक्तीने शत्रूला हवेत उचलायचे आणि दुसऱ्याने त्यावर वॉर्प मारायचा, की स्फोट होतो आणि शेजारचेही पडतात. हा डाव जमू लागला की ‘नुसती नेमबाजी’ हे शब्द तोंडात येत नाहीत.

पण इथेच या रचनेतला मोठा दोष आहे, आणि गंमत म्हणजे टीकाकार त्याच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. पुल, थ्रो यांसारख्या उचलून फेकणाऱ्या शक्ती संरक्षणाचा थर शिल्लक असेपर्यंत लागूच पडत नाहीत. नॉर्मल या साध्या कठीणतेवर बऱ्याच शत्रूंना थरच नसतो, त्यामुळे अडेप्ट या वर्गाचे पात्र घेतलेला खेळाडू मजेत सगळ्यांना भिंतीवर आपटत असतो. कठीणता वाढवत इन्सॅनिटी या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत गेलात की साध्या शिपायालाही थर येतो, नुसते धावत येणारे हस्कसुद्धा आर्मर घालून येतात. थर फोडून होईपर्यंत आत जीव थोडाच उरलेला असतो. मग उचलण्यापेक्षा दोन गोळ्या घातलेल्या बऱ्या. परिणामी ज्या वर्गाची ओळखच शक्तींवर आहे तो वरच्या पातळीवर वॉर्प एके वॉर्प करत बसतो. सोल्जरला आणि इन्फिल्ट्रेटरला असला त्रास नाही. व्हॅनगार्ड तर वेगळाच खेळ खेळतो: चार्ज करून शत्रूच्या छाताडावर जायचे, त्या धडकेने आपले बॅरिअर भरून निघते, शॉटगनचा एक बार, आणि कूलडाउन संपताच पुढचा. चुकीच्या जागी चार्ज केला की मात्र सहा जणांच्या मध्ये उभे राहून मरण.

म्हणून दोन खेळाडूंची मते जुळत नाहीत तेव्हा पहिला प्रश्न विचारावा: कुठल्या वर्गाने आणि कुठल्या कठीणतेवर खेळलात? नॉर्मलवर सोल्जर घेतलेला माणूस म्हणतो शक्तींची गरजच नाही, आणि त्याच्यापुरते ते खरे आहे. इन्सॅनिटीवर अडेप्ट घेतलेला म्हणतो शक्ती निकामी केल्या, तेही खरे आहे. हार्डकोअरवर इंजिनिअर किंवा सेंटिनेल घेतलेल्याला मात्र रचनाकारांच्या मनातला समतोल दिसतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याने नॉर्मल आणि हार्डकोअर यांच्या मधल्या व्हेटरनवर सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे थर दिसू लागतात, पण शिक्षा कडक नसते.

पीसीवरच्या मूळ आवृत्तीबद्दल एक जादा ओळ. धावणे, आडोशाला चिकटणे, आडोशावरून उडी मारणे आणि दार उघडणे ही सगळी कामे एकाच स्पेस बटणावर आहेत. पळून जायला जावे आणि माणूस खांबाला चिकटून बसावा, हे त्यामुळे होते. कंट्रोलर त्या आवृत्तीत चालत नव्हता. १४ मे २०२१ ला आलेल्या ‘लेजंडरी एडिशन’मध्ये (तिन्ही भागांच्या सुधारित आवृत्तीत) चालतो. याच आवृत्तीत पहिल्या भागाची नेमबाजी सुधारली आणि कोणत्याही वर्गाला कोणतीही बंदूक नीट चालवता येईल असे केले. म्हणजे अकरा वर्षांनी पहिला भाग दुसऱ्याच्या दिशेने सरकवला गेला.

पहिल्या भागात ग्रहांवर चालवायची माको गाडी काढून टाकल्यावर तिच्या जागी ग्रहांची छाननी आली, आणि तिची बाजू घेण्याचा प्रयत्न मी करणार नाही. माउसचे उजवे बटण दाबून ग्रहावरून सावकाश फिरायचे, आलेख उसळला की डाव्या बटणाने प्रोब (शोधयान) सोडायचा, आणि प्लॅटिनम, पॅलेडिअम, इरिडिअम, एलिमेंट झिरो गोळा करायचे. पहिल्या भागातल्या उजाड ग्रहांवर तेच ते गोदाम पुन्हापुन्हा दिसे हे खरे, पण क्षितिजावर परका सूर्य तरी दिसत होता. इथे ग्रह म्हणजे नुसता फिरवायचा गोळा झाला. ज्यांना यात वेळ घालवायचा नाही त्यांनी फक्त ‘रिच’ शेरा असलेले ग्रह खणावेत आणि ‘गुड’पर्यंत उतरले की पुढे जावे. सुरुवातीला प्रोब ३० मावतात, सुधारणा घेतल्यावर ६०. खनिजे आधी जहाजाच्या तीन कामांसाठी राखावीत: जेकबने सुचवलेले चिलखत, टालीने सुचवलेली ढाल आणि गॅरसने सुचवलेली थॅनिक्स तोफ. सोबत्याशी बोलल्याशिवाय हे संशोधन यादीत दिसतच नाही. पुष्कळ जण इथेच फसतात, कारण खनिजे असूनही काम निघत नाही.

हे तीन उपाय आणि शेवटची मोहीम यांचा जो संबंध आहे, तिथे दुसऱ्या भागाची रोल-प्लेइंग म्हणून खरी ताकद आहे. कलेक्टरांच्या तळाकडे नेणारे ओमेगा-४ रिले हे अंतराळद्वार पार करताना जहाजाची जी सुधारणा राहिली असेल, तिच्यामागे एक सोबती उतरण्याआधीच मरतो. चिलखत नसेल तर जॅक जाते. तळावर उतरल्यावर माणसे निवडायची असतात. पाइपातून जायला यंत्रांचा जाणकार हवा: टाली, लीजन किंवा कासुमी, आणि तोही त्याची स्वतःची मोहीम करून तुमच्याशी निष्ठावान झालेला. जेकब स्वतःहून पुढे येतो, पण हे काम त्याचे नाही. त्याच वेळी दुसऱ्या तुकडीला नेता हवा: गॅरस, मिरांडा किंवा जेकब. इथे एक बारीक खोच आहे. नेता चुकीचा निवडला तर मरतो तो पाइपातला जाणकार. पुढे कीटकांच्या थव्यातून जाताना बायोटिक शक्तीचे, म्हणजे न शिवता वस्तू हलवणाऱ्या शक्तीचे, कवच धरायला जॅक किंवा समारा (तिच्या जागी मॉरिंथ घेतली असेल तर मॉरिंथ) हवी. हे कुठल्याही बायोटिकला जमेल असे मिरांडा म्हणते. तिच्या शब्दावर विसंबून तिला किंवा थेनला पाठवलेत तर तुमच्याबरोबर चाललेला एक जण कीटकांच्या थव्यात ओढला जातो. खेळ तुम्हाला खोटा सल्ला देतो आणि तो देणाऱ्या माणसाचा स्वभाव तुम्ही आतापर्यंत ओळखला असावा अशी अपेक्षा ठेवतो. शंभर बंदुका असलेल्या खेळातही असली निवड क्वचित सापडते.

सगळ्यात शेवटी तुम्ही दोघांना घेऊन पुढे जाता आणि उरलेले दार अडवून धरतात. इथे आकडेमोड चालते, आणि ती पडद्यावर दिसत नाही. निष्ठावान सोबत्यांत ग्रंट, गॅरस आणि झाइद यांचे वजन ४ धरलेले आहे. मिरांडा, जेकब, थेन, समारा, मॉरिंथ, लीजन यांचे २. मॉर्डिन, टाली, जॅक, कासुमी यांचे १. निष्ठा मिळवलेली नसेल तर एक वजा. मागे राहिलेल्यांची सरासरी काढली जाते. पाच किंवा जास्त जण असतील आणि सरासरी २ किंवा वर असेल तर सगळे वाचतात. दीड ते दोनच्या मधे एक मरतो, त्याखाली दोन, अर्ध्याच्याही खाली तीन. डीएलसीशिवायचे, म्हणजे नंतर जोडलेले सोडून, दहा निष्ठावान सोबती धरा. बहुतेक जण आवडते म्हणून गॅरस आणि ग्रंटला बरोबर नेतात आणि समजा जेकबला तळावर सोडवलेल्या जहाजाच्या जखमी कर्मचाऱ्यांबरोबर परत पाठवतात. मागे सात उरले, वजनांची बेरीज ११, सरासरी १.५७. एक जण गेला, आणि मरणाच्या क्रमात मॉर्डिन सगळ्यांच्या आधी येतो. आता उलटे करा: मॉर्डिनला कर्मचाऱ्यांबरोबर परत पाठवा, जॅक आणि टालीला बरोबर घ्या. मागच्या सात जणांची बेरीज १८, सरासरी २.५७. सगळे घरी येतात. म्हातारा शास्त्रज्ञ दार अडवायला ठेवू नये आणि धिप्पाड क्रोगनला मागे ठेवावे, एवढा व्यवहार ज्याने आकडे न बघता वापरला त्याची माणसे जगतात. भूमिका निभावणे म्हणतात ते हेच.

कलेक्टरांनी पळवून नेलेल्या या कर्मचाऱ्यांचाही हिशेब आहे. ते पळवले गेल्यावर ताबडतोब रिले गाठलात तर सगळे सापडतात. मध्ये एक ते तीन मोहिमा केल्यात तर निम्मे जातात, त्याहून जास्त केल्यात तर डॉक्टर चाकवास तेवढ्या उरतात. वाचलेल्यांना परत न्यायला सोबती दिला नाहीत तर तेही मरतात. म्हणून क्रम असा ठेवावा: मृत रीपरवर (निकामी पडलेल्या शत्रूच्या महाजहाजावर) आयएफएफ हे रिले पार करायला लागणारे ओळखयंत्र आणायला जाण्याआधी बाकी सगळ्या निष्ठा-मोहिमा उरकाव्यात, आयएफएफबरोबर मिळालेल्या लीजन या गेथ यंत्राला लगेच सुरू करावे, त्याची मोहीम करावी, आणि कर्मचारी गेले की इकडेतिकडे न करता निघावे. ‘घाई करा’ असे सांगून प्रत्यक्षात कितीही वेळ देणारे खेळ खेळण्याची सवय लागलेल्यांना इथे धक्का बसतो, आणि तो बसायलाच हवा होता.

रोल-प्लेइंगला धक्का लागला असेल तर तो संवादात लागला. पहिल्या भागात चार्म आणि इंटिमिडेट ही कौशल्ये होती. त्यांत गुण घालायचे म्हणजे दुसरीकडचे कमी करायचे. दुसऱ्या भागात ती काढली आणि मन वळवण्याची ताकद पॅरागॉन (सौम्य) आणि रेनिगेड (कठोर) वागण्याच्या गुणांवर टाकली. तीही साध्या बेरजेवर नव्हे: आतापर्यंत जिथे जिथे गेलात तिथे जेवढे गुण मिळू शकत होते, त्यांतले किती टक्के मिळवलेत यावर. याचा अर्थ प्रसंग पाहून कधी मायेने, कधी कठोरपणे वागणारा माणूस दोन्हीकडून अडतो. जॅक-मिरांडाचे आणि टाली-लीजनचे भांडण येते तेव्हा त्याची दोन्ही उत्तरे अंधूक असतात, एकाची बाजू घ्यावी लागते आणि दुसऱ्याची निष्ठा जाते. निष्ठा गेली की वरचा सगळा हिशेब बिघडतो. उपाय इतकाच की निळा (पॅरागॉन) किंवा लाल (रेनिगेड) एक रंग धरून सुरुवातीपासून तोच दाबत राहायचे. हे भूमिकेच्या विरुद्ध आहे. मोजदाद होऊन गेल्यावर निवड उरत नाही, सवय उरते.

सर्बेरसचेही तसेच. पहिल्या भागात ज्या संघटनेच्या प्रयोगशाळांत माणसांवर केलेले अघोरी प्रयोग आपण उघडे पाडले, तिच्याच पगारावर शेपर्डला, म्हणजे खेळाडूच्या पात्राला, ठेवले आहे आणि नकार द्यायची सोय नाही. कुरकुर करता येते, काम मात्र करावेच लागते. होरायझनवर पहिल्या भागातला जुना साथीदार भेटतो, दोन कडू वाक्ये बोलून निघून जातो. तिथे खेळाडूला बाजू मांडायला अजून जागा हवी होती. पहिल्या भागातून आणलेल्या निर्णयांपैकी रेक्स हा क्रोगन सोबती जिवंत असणे तुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर खरोखर जाणवते. तो नसेल तर टोळीप्रमुख म्हणून रीव्ह समोर येतो आणि सगळ्या संभाषणाची चव बदलते. आकाशगंगेचा कारभार पाहणारी काउन्सिल वाचवली की बुडू दिली हा केवढा मोठा निर्णय, पण तो एका छोट्या भेटीत आटोपतो.

आपल्याकडून एक अपेक्षा. गेमच्या परीक्षणात ग्राफिक्स कसे आणि गोष्ट किती तासांची एवढेच छापू नका. परीक्षकाने कोणत्या यंत्रावर, कोणत्या कठीणतेवर, कोणता वर्ग घेऊन खेळला, आधीच्या भागाची सेव्ह (साठवलेला खेळ) आणली होती का आणि शेवटपर्यंत पोचला का, हे पहिल्याच परिच्छेदात द्या. ‘मास इफेक्ट २’च्या बाबतीत तर कोण कोण मेले हेही विचारून घ्या. सगळे वाचले असतील तर परीक्षकाने एक तर माणसे ओळखली किंवा मार्गदर्शिका समोर ठेवली, आणि दोन्हींत वाचकाला उपयोगी पडेल असे त्याच्याकडे बरेच असणार.

कळावे.
आपला,
एक वाचक